मेमटेस्ट८६ प्लस वापरून बघितलं: महिनाभराच्या ब्लू स्क्रीनचं कारण एका रात्रीत सापडलं

ज्यांचा डेस्कटॉप चालता चालता निळा होतोय, रीस्टार्ट होतोय आणि दर वेळी वेगळंच कारण दाखवतोय त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितेय, कारण मी हे जवळजवळ महिनाभर भोगलंय आणि ज्या गोष्टीने शेवटी उत्तर दिलं ती मी सगळ्यात शेवटी करून बघितली. मेमटेस्ट८६ प्लस म्हणून एक छोटंसं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, पेनड्राइव्हवर टाकायचं आणि पीसी त्याच्यावरून सुरू करायचा, विंडोजचा त्यात काही संबंधच येत नाही. रॅम, म्हणजे पीसीची चालू कामाची तात्पुरती मेमरी, तपासणं एवढं एकच काम ते करतं. पण ते काम इतकं नीट करतं की मला वाटतं कुठल्याही ब्लू स्क्रीनवाल्याने विंडोज परत टाकायच्या आधी एक रात्र याला द्यावीच.

माझा पीसी साडेतीन वर्षांचा आहे, डीडीआर४ च्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक, एकूण १६ जीबी. घरातले जुने फोटो आणि निगेटिव्ह स्कॅन करून, साफ करून जपून ठेवायचं काम मी त्याच्यावर करते. पहिल्यांदा स्क्रीन निळी झाली तेव्हा खाली मेमरी मॅनेजमेंट असं लिहून आलं, दोन दिवसांनी आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, मग पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, एकदा सिस्टीम सर्व्हिस एक्सेप्शन, आणि एकदा कर्नल सिक्युरिटी चेक फेल्युअर. आता यातल्या प्रत्येक नावावर शोधलं की वेगळा उपाय मिळतो, कोणी म्हणतं ग्राफिक्सचा ड्रायव्हर, कोणी म्हणतं अँटीव्हायरस, कोणी म्हणतं हार्ड डिस्क. मी एकेक करत सगळं केलं. ड्रायव्हर मुळापासून काढून परत टाकला, अँटीव्हायरस काढला, सिस्टीम फाइल चेकर चालवला, त्याने काही फाइल दुरुस्त केल्या म्हणून सांगितलं तेव्हा मी खूश झाले, आणि त्याच संध्याकाळी परत निळी स्क्रीन. बायोससुद्धा (मदरबोर्डवरचं, पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट केला, आणि हे मात्र कोणी करू नका, रॅमवर जराही संशय असेल तेव्हा बायोस अपडेट करणं धोक्याचं आहे, मधेच पीसी अडकला तर मदरबोर्डच जायचा.

मग शेवटी वैतागून विंडोजच परत टाकायला घेतलं तर इन्स्टॉल होतानाच दोनदा एरर आला की फाइल करप्ट आहेत म्हणून पुढे जाता येत नाही. मी पेनड्राइव्ह बदलला, विंडोज परत डाउनलोड केलं, तिसऱ्यांदा झालं. खरं तर हा फार मोठा इशारा होता, कारण इन्स्टॉलर तर जुन्या विंडोजवर चालतच नाही, तिथे ना जुना ड्रायव्हर ना अँटीव्हायरस, तरी गडबड होतेय म्हणजे दोष सॉफ्टवेअरच्या खाली कुठेतरी आहे. नव्या विंडोजवर चार दिवस बरे गेले आणि पाचव्या दिवशी परत तेच.

ब्लू स्क्रीनशिवाय अजूनही काही बारीकसारीक गोष्टी होत होत्या आणि त्या मी एकमेकींशी जोडल्याच नाहीत. मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (म्हणजे आतला मजकूर मूळ मजकुराशी जुळत नाही) यायचा आणि तीच फाइल दुसऱ्यांदा उघडली की बिनतक्रार उघडायची. ब्राउझरचा एखादा टॅब उगाच क्रॅश व्हायचा. तुमच्याकडे असं होत असेल तर माझं ऐका आणि आजच रॅम तपासा, फाइल एकदा खराब आणि एकदा चांगली असं स्वतःहून होत नाही, ती वाचून ठेवायची जागा खराब असली की होतं.

डम्प फाइल बघायचा प्रयत्नही मी केला होता. क्रॅश झाला की विंडोजच्या फोल्डरमधे मिनीडम्प नावाच्या फोल्डरात एक छोटी फाइल पडते, ती उघडायला निरसॉफ्टचं ब्लूस्क्रीनव्ह्यू सोपं आहे, आणि खोलात जायचं असेल तर मायक्रोसॉफ्टचं विनडीबीजी. दोन्ही चांगली आहेत. पण ब्लूस्क्रीनव्ह्यूमधे बहुतेक वेळा एनटीओएस कर्नलचं नाव येतं आणि आपल्याला वाटतं विंडोजचीच ती फाइल बिघडलीय, तसं नसतं, ती विंडोजचा गाभा आहे, क्रॅश तिच्या हातात असताना झाला एवढाच त्याचा अर्थ. मला त्यातून उपयोगी पडेल असं एकच कळलं, ते म्हणजे दर वेळी कारण वेगळं आहे. आणि एक नक्की करा, सिस्टीमच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमधे स्टार्टअप अँड रिकव्हरीमधे ऑटोमॅटिकली रीस्टार्टची टिक काढून ठेवा, म्हणजे निळी स्क्रीन तिथेच थांबते आणि नाव नीट लिहून घेता येतं.

विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिकही मी मधे एकदा चालवलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याच्यामुळेच मी दोन आठवडे भलतीकडे शोधत बसले. ते सोपं आहे, स्टार्टमधे नाव टाइप केलं की मिळतं, रीस्टार्ट होऊन तपासतं आणि परत विंडोज सुरू झालं की निकाल सांगतं. मला सांगितलं, एरर नाही. मी मानलं, रॅम चांगली आहे, खूण करून टाकली. त्यात एफ१ दाबून एक्स्टेंडेड टेस्ट निवडता येते हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मी जे आपोआप चालतं तेच चालू दिलं, आणि ती फक्त दोन फेऱ्यांची वरवरची तपासणी असते. त्याने एरर दाखवला तर विश्वास ठेवा, पण एरर नाही म्हणालं तर तेवढ्यावर थांबू नका.

आता मूळ सॉफ्टवेअर. साइटवर विंडोजसाठी यूएसबी इन्स्टॉलर मिळतो, तो पेनड्राइव्ह फॉरमॅट करतो, तेव्हा आत काही असेल तर आधी काढून घ्या. बाकी काही करावं लागत नाही, सगळं मिळून काही एमबीचं काम. माझ्या पीसीवर बायोसमधे सिक्युअर बूट (ओळखीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) बंद केल्याशिवाय ते सुरू झालं नाही, आणि इथे एक सावध करते, ज्यांच्या पीसीवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयी) चालू आहे त्यांनी सिक्युअर बूटला हात लावायच्या आधी रिकव्हरी की कुठेतरी लिहून ठेवा, नाहीतर परत विंडोज सुरू करताना ती मागितली जाते आणि धाबं दणाणतं. काम झालं की सिक्युअर बूट परत चालू करा.

पेनड्राइव्हवरून बूट केलं की ते लगेच स्वतःहून तपासायला लागतं, एंटर दाबायचीसुद्धा गरज नाही. जुन्या वळणाची अक्षरांची स्क्रीन आहे, वर प्रोसेसरचं नाव, तापमान, रॅम किती आणि कुठल्या स्पीडने चालतेय ते, आणि खाली चालू टेस्ट, पास (म्हणजे सगळ्या टेस्टच्या पूर्ण फेऱ्या) किती झाले, एरर किती. मला ही स्क्रीन फार आवडली, जे हवंय ते एका नजरेत दिसतं. रात्री जेवणानंतर लावलं आणि उठून जाणार होते, पण थोडा वेळ बसले. पहिला पास मुद्दाम छोटा ठेवलेला असतो, तो स्वच्छ गेला आणि मोठ्या अक्षरात पास, म्हणजे उत्तीर्ण, असं आलं. इथे बरेच जण बंद करतात. मी चालू ठेवलं म्हणून वाचले. दुसऱ्या पासमधे, सहाव्या का सातव्या टेस्टला, पहिली लाल ओळ आली. सकाळी उठून बघितलं तर एररचा आकडा शेकड्यात होता.

त्या लाल ओळी नीट वाचण्यासारख्या असतात. एका रकान्यात कुठला पत्ता चुकला ते, पुढे काय लिहिलं होतं आणि काय परत मिळालं. माझ्या पहिल्या ओळीत लिहिलेलं होतं सगळं एफ एफ एफ, आणि वाचताना एका जागी एफ च्या ऐवजी डी. एफ म्हणजे ११११ आणि डी म्हणजे ११०१, म्हणजे एवढ्या १६ जीबीमधला एक बिट, एक ठेवला तर शून्य होत होता. खालच्या ओळी बघितल्या तर पत्ते एकमेकांच्या आसपासचे आणि चुकणारा बिट कायम तोच. त्या क्षणी मला जे वाटलं ते सांगता येणार नाही, महिनाभर अंधारात चाचपडल्यावर कोणीतरी नेमकं बोट ठेवून दाखवलं की हे बघ, इथे आहे.

आणि मग नावं दर वेळी वेगळी का होती तेही समजलं. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका इवल्याशा कपॅसिटरमधला चार्ज असतो, तो गळत राहतो म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदाला परत भरावा लागतो, एखादा कपॅसिटर कमजोर झाला की त्यातली नोंद टिकत नाही. आता त्या खराब जागेवर विंडोज कधी काय ठेवेल याचा नेम नाही. ड्रायव्हरचा पत्ता ठेवला गेला आणि तो बदलला तर आयआरक्यूएल, विंडोजच्या मेमरीच्या हिशोबाचा तक्ता तिथे आला तर मेमरी मॅनेजमेंट, झिपमधला मजकूर आला तर सीआरसी एरर. मेमटेस्ट हेच उलट्या बाजूने करतं, प्रत्येक जागेवर ठरलेला नमुना लिहितं, वाचतं, बरोब्बर उलटा लिहितं, परत वाचतं, खालून वर आणि वरून खाली. शेवटची बिट फेड टेस्ट तर लिहून काही मिनिटं नुसती थांबते आणि मग बघते की लिहिलेलं टिकलं का.

एखाद्या सॉफ्टवेअरचा दोष असला की चित्र अगदी उलटं असतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका चुकीच्या अपडेट फाइलने जगभरातले विंडोज कॉम्प्युटर निळे पडले, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख, आणि सगळीकडे तोच दोष, तोच ड्रायव्हर, रीस्टार्ट केलं की परत तिथेच. तुमच्या डम्पमधे दर वेळी एकाच ड्रायव्हरचं नाव येत असेल किंवा नेमकं एखादं अपडेट आल्यापासून हे सुरू झालं असेल तर आधी तिकडे बघा. कारणं विखुरलेली असतील तर रॅमकडे.

मेमटेस्टने मला रॅम खराब आहे हे सांगितलं, पण दोनातली कुठली स्टिक ते खात्रीने कळायला हाताने काम करावं लागतं. पीसी बंद, मागची वायर काढली, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवली, आणि एकच स्टिक ठेवली, माझ्या मदरबोर्डच्या मॅन्युअलप्रमाणे प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटमधे. पहिली स्टिक चार पास स्वच्छ. दुसरी लावली, पाऊण तासात लाल ओळी. तरी इथे थांबायचं नाही, तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमधे लावून बघायची, कारण स्लॉट खराब असू शकतो किंवा त्यात नुसती धूळ असू शकते. दुसऱ्या स्लॉटमधेही तीच स्टिक तसंच रडली आणि चांगली स्टिक दोन्ही स्लॉटमधे स्वच्छ गेली, म्हणजे प्रश्न मिटला. यात माझे दोन दिवस गेले, पण हे असे दोन दिवस होते की रोज काहीतरी नक्की कळत होतं.

एक्सएमपीबद्दल, म्हणजे रॅम तिच्या साध्या स्पीडपेक्षा जास्त स्पीडने चालवायच्या बायोसमधल्या सोयीबद्दल, थोडं सांगायलाच हवं. माझं किट (दोन स्टिकची जोडी) ३२०० च्या स्पीडचं, पण ३२०० वर ते बायोसमधलं एक्सएमपी चालू केल्यावर, १.३५ व्होल्टवर धावतं, नाहीतर साध्या ठरलेल्या स्पीडला १.२ व्होल्टवर. एरर आल्यावर सगळ्यात आधी एक्सएमपी बंद करून परत तपासा. बंद केल्यावर एरर पूर्ण गेले तर स्टिक बिघडलेली असेलच असं नाही, तो स्पीड तुमच्या प्रोसेसर-मदरबोर्डला झेपत नसेल, चार स्टिक लावलेल्यांना किंवा दोन वेगळी किट एकत्र लावणाऱ्यांना हे बऱ्याचदा होतं, तिथे स्पीड थोडा कमी करून भागतं. माझ्याकडे बंद केल्यावर एरर कमी झाले पण गेले नाहीत, म्हणून स्टिकच खराब. आणि कमी झाले म्हणजे चालेल असं धरू नका. रॅमच्या बाबतीत एक एररसुद्धा जास्त आहे.

हे नवख्यांनाच होतं असंही नाही. ऑक्टोबर २०२२ मधे खुद्द लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांच्या डेस्कटॉपची एक रॅम स्टिक अडीच वर्षं नीट चालून अचानक खराब झाली, लिनक्स ६.१ चं काम जोरात चालू असताना, आणि आधी नव्या कर्नलवरच (लिनक्सच्या गाभ्यावरच) संशय जाण्यासारखी वेळ होती. त्यांनीही जुना कर्नल लावून बघितला आणि मग रात्रभर मेमटेस्ट८६ प्लस चालवूनच खात्री करून घेतली. चुका पकडणारी ईसीसी रॅम साध्या डेस्कटॉपमधे सहसा नसते, त्यामुळे आपल्याला कोणी सांगत नाही की काहीतरी चुकतंय, आपणच विचारायला जावं लागतं.

आता यातल्या खटकलेल्या गोष्टी. निकाल कुठे सेव्ह करता आला नाही, मी मोबाइलने स्क्रीनचे फोटो काढले आणि तेच पुढे वॉरंटीसाठी उपयोगी पडले. माझा वायरलेस कीबोर्ड त्यात चालला नाही, वायरवाला लावावा लागला. वेळ फार लागतो, १६ जीबीला पूर्ण पास तासाच्या वर जातो, ६४ जीबीवाल्यांनी रात्र काय अख्खा दिवस धरून चालावं. आणि नावाचा घोळ. मेमटेस्ट८६ आणि मेमटेस्ट८६ प्लस ही दोन वेगळी सॉफ्टवेअर आहेत, मूळ एकच, १९९४ चं ख्रिस ब्रेडी यांचं, पण प्लस २००४ पासून वेगळं झालं आणि मुक्त स्रोत राहिलं, दुसरं २०१३ मधे पासमार्कने घेतलं. पासमार्कवालं दिसायला छान आहे, माउस चालतो, रिपोर्ट सेव्ह होतो, पण फुकट आवृत्ती चार पासला थांबते, आणि मला रात्रभर चालू ठेवायचं होतं म्हणून मी प्लस घेतलं. प्लसची ५.०१ ही जुनी आवृत्ती अजून बऱ्याच ठिकाणी पडलेली असते, ती घेऊ नका, २०१३ ची आहे आणि यूईएफआयवर, म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोसवर, चालत नाही, २०२२ च्या ६.०० पासून पुढचीच घ्या.

आणि मेमटेस्ट स्वच्छ गेलं म्हणजे पीसी निर्दोष असं नाही. ते ग्राफिक्स कार्डावर ताण देत नाही, पॉवर सप्लाय तपासत नाही, एसएसडीला हात लावत नाही. सात-आठ तास एकही एरर नसेल आणि तरी डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर (हार्डवेअरची दुरुस्त न होणारी चूक) येत असेल तर प्रोसेसरचं तापमान, व्होल्टेज, ओव्हरक्लॉक हे बघावं लागेल. पण तेव्हा निदान रॅमवरचा संशय मनातून काढून टाकून पुढे जाता येतं, आणि माझ्या मते हासुद्धा मोठा निकाल आहे.

माझं किट वॉरंटीत होतं. कंपनीने दोन्ही स्टिक मागवल्या, किट जोडीने येतं म्हणून जोडीनेच बदलून देतात, तेवढे दिवस पीसी बंदच. नवीन किट आल्यावर विंडोजमधे न जाता आधी मेमटेस्ट लावलं, रात्रभर, मग एक्सएमपी चालू करून परत एक रात्र. दोन्ही वेळा शून्य. त्याला आता दोन महिने झाले, एकही ब्लू स्क्रीन नाही.

मन खातंय ते वेगळ्याच गोष्टीसाठी. ब्लू स्क्रीन निदान ओरडून सांगते की काहीतरी बिघडलंय, पण त्या महिनाभरात जे फोटो मी स्कॅन करून सेव्ह केले, एका फोल्डरातून दुसऱ्यात हलवले, बॅकअपला टाकले, ते सगळे त्याच रॅममधून गेले आणि तिथे कोणी ओरडलं नाही. मी त्या तारखांच्या सगळ्या फाइल वेगळ्या काढल्या आणि एकेक उघडून बघतेय. आत्तापर्यंत चारशेच्या आसपास झाल्या, तीन बिघडलेल्या सापडल्या, एकीत तर फोटोचा खालचा अर्धा भाग राखाडी पट्ट्यांचा झालाय, आणि बॅकअपमधेही तीच बिघडलेली प्रत गेलीय. तिन्हींच्या निगेटिव्ह माझ्याकडे आहेत, दोन परत स्कॅन झाल्या, तिसरी या रविवारी करणार आहे. अजून साडेसहाशे फाइल बघायच्या राहिल्यात.